विहिरीत पोहणारे यजमान, पाण्याला घाबरणाऱ्या ताई आणि अंदमानचं बुकिंग

वाचकाचं पत्र, थोडक्यात: जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंनी लिहिलंय. वय ४१, पतसंस्थेत नोकरी. यजमान ४६ वर्षांचे, केळीची बाग आणि ठिबकचं दुकान सांभाळतात. फेब्रुवारीत लग्नाला १८ वर्षं होतील म्हणून त्यांनी अंदमानात स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, एका छोट्या रिसॉर्टमध्ये पाच रात्रींचं बुकिंग केलंय. मोजकी कॉटेजेस, आवारातच डायव्हिंग सेंटर, आणि पॅकेजमध्ये दोघांसाठी 'ओपन वॉटर' हा स्कुबाचा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा घेत पाण्याखाली पोहण्याचा, पूर्ण कोर्स. ताई लिहितात: "मला पोहता येत नाही. तापीत गुडघाभर पाण्याच्या पुढे मी कधी गेले नाही. चष्मा उणे चारचा आहे, थंडीत सायनस धरतो. हे लहानपणी शेतातल्या विहिरीत पोहायला शिकले. म्हणतात, काही होत नाही, मी आहे ना सोबत. सासूबाई म्हणतात, पाण्याशी खेळ कशाला. ह्यांना वर्षभरापासून बीपीची गोळी चालू आहे, पण नियमित घेतात. निघायच्या दिवशी सकाळीही एक डाइव्ह बसवू, असं ह्यांचं चाललंय. नाही म्हटलं तर इतक्या वर्षांनी ठरलेला बेत मोडतो, हो म्हटलं तर मला आत्तापासून झोप नाही. मन मारून जाऊ की स्पष्ट नाही म्हणू?"

ताई, पत्र तुमच्या भीतीबद्दल आहे. पण त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: यजमानांची बीपीची गोळी. भीतीकडे येऊच. आधी गोळीचं बघू, कारण तिची व्यवस्था घरूनच लावून निघावं लागतं, तिकडे बेटावर पोचल्यावर ती लागत नाही.

नीट चालणाऱ्या कुठल्याही सेंटरमध्ये पाण्यात उतरण्याआधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात. पहिल्या पानावर दहा प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. त्यात वय ४५ च्या पुढे आहे का, असा एक प्रश्न आहे. त्याला 'हो' आलं की पुढचे उपप्रश्न येतात: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, जवळच्या नातलगात कमी वयात हृदयविकाराने मृत्यू. यातल्या एकालाही 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते, सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. मग होतं काय, की माणूस विमान, बोट, हॉटेल सगळ्याचे पैसे भरून बेटावर पोचलेला असतो, हा कागद तिथे पहिल्यांदा समोर येतो, आणि तो दहाही ठिकाणी 'नाही' लिहून मोकळा होतो.

असं करू देऊ नका. गळ्यापर्यंत पाण्यात गेलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर एरवीपेक्षा जास्त भार येतो. रक्तदाब असलेल्या माणसाच्या फुफ्फुसांत अशा वेळी पाणी साचण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, मग तो कितीही दणकट असो आणि बागेत दिवसभर राबत असो. याचा अर्थ बीपीवाल्याने डायव्हिंग करूच नये असा मुळीच नाही. रक्तदाब आटोक्यात असेल, हृदय, मूत्रपिंड, डोळे यांवर परिणाम झालेला नसेल, तर बहुतेकांना परवानगी मिळते. ती फक्त बोटीवर स्वतःची स्वतः द्यायची नसते.

रिसॉर्टकडून तो फॉर्म ईमेलवर मागवा, दोघांचाही. निघायच्या निदान पाच-सहा आठवडे आधी तो घेऊन एमडी फिजिशियनकडे जा. ईसीजी होईल, गरज वाटली तर ते टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून केलेली हृदयाची तपासणी, सांगतील. चालू गोळीचं नाव दाखवा, कारण बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्या हृदयाची गती वाढू देत नाहीत आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारायची वेळ आली तर माणूस लवकर थकतो. डॉक्टरांनी गोळी बदलायची ठरवली तर ती अंगवळणी पडायला हे आठवडे हाताशी राहतात.

आता विहिरीचं. खानदेशात पिढ्यान् पिढ्या पोरं पाठीला डबा बांधून विहिरीतच पोहायला शिकली आहेत आणि ते पोहणं खरंच चांगलं असतं, हातपाय भक्कम होतात, पाण्याची धास्ती राहत नाही. पण त्या पोहण्यातला सगळ्यात मुरलेला धडा कोणता? छाती भरून श्वास घ्यायचा, तो धरायचा, सूर मारायचा, तळ गाठायचा आणि झटक्यात वर यायचं. स्कुबामध्ये नेमकं हेच करायचं नसतं.

कारण साधं आहे. समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन. विहिरीत बुडी मारणारा वरची हवा छातीत भरून खाली जातो. खाली ती आवळली जाते, वर आला की पूर्ववत होते, त्यामुळे अपाय होत नाही. टाकीतून श्वास घेणाऱ्याचं तसं नाही. रेग्युलेटर, म्हणजे टाकीला जोडलेलं तोंडात धरायचं यंत्र, त्याला त्या खोलीच्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर छातीत ५ लिटर हवा भरून, श्वास रोखून तो वर आला तर पृष्ठभागावर तीच हवा १० लिटर व्हायला बघते. फुफ्फुसाला तेवढी जागा नसते, ते फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात. यासाठी फार खोल जावं लागत नाही, शेवटच्या दीड-दोन मीटरांतही हे घडू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, आणि वर येताना सावकाश यायचं, मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगाने नाही. शिवाय ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं.

तुम्हाला पोहता येत नाही, म्हणून श्वास धरून बुडी मारायची सवयही नाही. यजमानांना ती पस्तीस-चाळीस वर्षांची आहे, आणि गडबडल्यावर माणूस जुन्या सवयीकडेच धावतो. त्यांना हे आत्ता, घरी, निवांतपणे सांगा. कमी लेखायला नव्हे. त्यांनी इन्स्ट्रक्टरलाही पहिल्याच दिवशी सांगावं की मी विहिरीत पोहायला शिकलोय. चांगला इन्स्ट्रक्टर ते ऐकून त्यांच्या तोंडातून बुडबुडे सतत निघतायत ना, इकडे डोळ्यांत तेल घालून बघेल.

ताकदीचंही असंच. टाकी साधारण ११ लिटरची असते आणि २०० बारपर्यंत भरलेली (एक बार म्हणजे साधारण एक वातावरणाइतका दाब). ५० बार राखीव ठेवून वर यायचं असतं, म्हणजे वापरायला उरले १५० बार, अंदाजे १६५० लिटर हवा. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेतो, १० मीटरवर दुप्पट दाबामुळे ४० लिटर जाते, म्हणजे ४१ मिनिटं. हाताने पाणी कापत, पाय झोडत जाणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ३० लिटर घेतो, म्हणजे १० मीटरवर ६०, मग तीच टाकी २७ मिनिटांत संपते. पाण्याखाली हात वापरायचेच नसतात. ते पोटाशी धरायचे आणि मांडीपासून लांब, सावकाश पाय मारायचे. समुद्राचं पाणी विहिरीच्या पाण्यापेक्षा जड असल्याने शरीर वर तरंगू पाहतं, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. ती जास्त झाली तर खाली ओढला जाणारा माणूस आणखी हातपाय मारतो आणि हवा आणखी वेगाने संपते. पहिल्या दिवशी दम लागला तर छातीला दोष देण्याआधी वजन बरोबर बांधलंय का, हे बघायला सांगावं.

"मी आहे ना सोबत" या वाक्यात प्रेम आहे, त्याबद्दल शंका नाही. पण पहिल्यांदा उतरणारा माणूस पाण्याखाली दुसऱ्याची जबाबदारी घेऊ शकत नाही. स्वतःचे कान, मास्क, तरंगणं यातच त्याचं सगळं लक्ष गेलेलं असतं. उलट जोडप्यांत हमखास दिसतं, की एकाने घाबरून हात आवळला की दुसरा त्याला वर ओढतो, आणि ओढून वर नेणं हीच सगळ्यात वाईट मदत. तुम्हाला तुमचा स्वतंत्र इन्स्ट्रक्टर हवा, त्यांना त्यांचा. रिसॉर्टशी बोलताना हे आधीच ठरवून घ्या. नवऱ्यासमोर हसू होईल किंवा त्याचा हिरमोड होईल, हा विचार डोक्यात नसला की बाई "मला वर जायचंय" ही खूण निःसंकोच करते. ती खूण म्हणजे वर उचललेला अंगठा. आपल्याकडे ती 'मस्त' म्हणून करतात, पाण्याखाली तिचा अर्थ 'चला वर'. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पंजा आडवा धरून हलवला की 'काहीतरी बिघडलंय', आणि त्याच हाताने ते कुठे बिघडलंय ते दाखवायचं: कान, मास्क, छाती.

आता तुमचा प्रश्न. जाऊ की नाही म्हणू, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवलेत, कारण पॅकेजमध्ये कोर्स आहे आणि कोर्स दोघांचा आहे. पण कोर्स ही स्कुबाची पहिली पायरीच नव्हे. त्याआधी 'ट्राय डाइव्ह' असते. तिला पोहता येण्याची अट नाही, खोलीची मर्यादा १२ मीटर, आणि पूर्ण वेळ इन्स्ट्रक्टर हाताच्या अंतरावर असतो. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून रेग्युलेटरमधून श्वास घेणं, तो तोंडातून काढून परत लावणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढणं, हे करून घेतात. ते जमलं तरच पुढे. स्वराज द्वीपाच्या किनाऱ्याला लागूनच उथळ प्रवाळ आहे, नेमो रीफ म्हणतात ती जागा, तिथे चालत चालतच पाण्यात उतरता येतं. बोटीतून उडी नाही, खोल निळं पाणी नाही, आणि नको वाटलं तर उभं राहून बाहेर यायची सोय.

ओपन वॉटर कोर्सचं वेगळं. त्यात न थांबता २०० मीटर पोहायचं असतं, किंवा मास्क, स्नॉर्कल (पाण्याबाहेर टोक राहणारी श्वासाची नळी) आणि फिन्स (पायांतले वल्ह्यासारखे पंख) लावून ३०० मीटर, आणि वर दहा मिनिटं कशाच्याही आधाराशिवाय तरंगून दाखवायचं. वेळेची अट नाही, पण टाळता येत नाही. समुद्रातल्या चार डाइव्ह, १८ मीटरपर्यंत. म्हणजे आज जसं बुकिंग आहे तसं तुम्ही गेलात, तर पहिल्याच दिवशी पोहण्याच्या चाचणीवर अडकाल. यात तुमचं धैर्य कमी पडलं असं कुणी म्हणू नये. तुमच्यासाठी कोर्सच चुकीचा निवडला गेलाय. हे रिसॉर्टला सांगितलं की ते बदलून देतात, ट्राय डाइव्हचे पैसे कोर्सपेक्षा कितीतरी कमी असतात.

अजून एक हिशोब दोघांनी कागदावर मांडावा. अंदमानात सूर्य लवकर उगवतो आणि फेब्रुवारीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून बोटी भल्या सकाळी निघतात. कोर्स करणारा माणूस सकाळी गेला की दुपारी जेवायलाच परततो, संध्याकाळी थिअरीचा अभ्यास आणि मग डोळे मिटतात. पाच रात्रींतले तीन-साडेतीन दिवस असे जाणार. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांना हेच हवं होतं का? छोट्या रिसॉर्टवर एकट्याने दुपार काढायला फारसं काही नसतं, नेटवर्कही बेभरवशाचं. कोर्सची थिअरी ऑनलाइन करता येते. यजमानांनी ती जानेवारीत घरूनच संपवली तर संध्याकाळी मोकळ्या मिळतील.

माझा सल्ला असा. दोघांचंही बुकिंग आधी ट्राय डाइव्हवर आणा, वेगवेगळे इन्स्ट्रक्टर, जमलं तर पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी. ती झाल्यावर यजमानांना कोर्स करावासा वाटला आणि डॉक्टरांचा कागद हातात असेल तर त्यांनी तो करावा. तुम्हाला आवडलं तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आणखी एक डाइव्ह घ्या. नाही आवडलं तर मास्क-स्नॉर्कल लावून, लाइफ जॅकेट घालून वरून बघा. उथळ प्रवाळावर बरेचसे तेच मासे दिसतात: समुद्रफुलात लपणारे नारिंगी क्लाउनफिश, प्रवाळ कुरतडणारे पॅरटफिश. कुरतडण्याचा तो कटकट आवाज पाण्यात ऐकूही येतो.

आणि पूर्णपणे नाही म्हणायचं असेल तर? तेही चालेल. पण मग ते आत्ता सांगा, बोटीवर चढल्यावर नाही. "तुमचा बेत मला आवडलाय, यायचंय, पाण्याखाली मात्र मी येणार नाही" हे वाक्य ऐकून तुमचे यजमान खरंच नाराज होतील का? पत्रावरून तरी दिसतं, की हा अंदाज तुम्ही मनातच बांधलाय, त्यांना विचारलेलं नाही.

उतरायचं ठरवलंत तर तयारी इथूनच सुरू करता येते. पाण्याची भीती बहुतेकांच्या बाबतीत नाकात पाणी जाण्याची भीती असते. स्कुबात नाक मास्कमध्ये बंद आणि श्वास तोंडाने. हे शरीराला शिकवायला एक स्नॉर्कल आणा. न्हाणीघरात बादली काठोकाठ भरून पाटावर ठेवा, स्नॉर्कल दातांत धरा, आणि मास्क न लावता, नाक न दाबता चेहरा पाण्यात घाला. तोंडाने श्वास आत, तोंडाने बाहेर. पहिल्यांदा दहा सेकंदांत मान वर येईल, नाकाने श्वास ओढायचा मोह होईल आणि ठसका लागेल. थांबायचं, पुन्हा घालायचं. घरात कुणीतरी जवळ असू द्या. दोन मिनिटं सलग शांत श्वास जमू लागला, की मास्कमध्ये पाणी शिरल्यावर उडणारी अर्धी तारांबळ इथेच संपली. यजमानांनीही हे करावं, म्हणजे त्यांची श्वास धरण्याची सवय केव्हा उसळते ते त्यांनाच कळेल.

कान आणि सायनस हा तुमच्या बाबतीतला खरा वैद्यकीय मुद्दा आहे. दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो पहिल्या काही मीटरांत, म्हणून कान तिथेच दुखतो, खोल गेल्यावर नाही. दुखायची वाट बघायची नाही. पाण्याखाली जाण्याआधीच एकदा नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकायचं, कानात 'टक्' असं होईपर्यंत. मग दर अर्ध्या-एक मीटरला पुन्हा. जोर लावायचा नाही. उतरताना पाय खाली, डोकं वर, दोर धरून. नाही सुटला कान, तर एक मीटर वर यायचं, परत प्रयत्न करायचा. तरी नाही, तर त्या दिवशी डाइव्ह नाही, विषय संपला. नाक चोंदलेलं असताना गोळी किंवा स्प्रे मारून उतरू नका. पाण्याखाली त्याचा असर उतरला तर वर येताना आतली हवा अडकते, आणि तेव्हा वर येण्यावाचून इलाज नसतो. निघण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून पडदे आणि सायनस बघून घ्या. कानाचं ऑपरेशन, दमा, फिट्स, फुफ्फुस फाटण्याचा पूर्वेतिहास असं काही असेल तर त्यांना आणि फिजिशियनना स्पष्ट सांगा. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर डायव्हिंग बिलकुल नाही, स्नॉर्कलिंग चालतं. पाळी चालू असेल तर डाइव्हला हरकत नसते. टॅम्पॉन किंवा कप वापरतात, आणि शार्क येतात वगैरे गोष्टी खोट्या आहेत.

चष्म्याचं सोपं आहे. नंबरच्या काचांचे मास्क असतात, दोन्ही डोळ्यांचे नंबर कळवून रिसॉर्टकडे आहेत का विचारा. नसतील तर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मास्कमध्ये पाणी शिरलं की डोळे मिटून ते काढायचं एवढंच. यजमानांना मिशी असेल तर नाकाखालची अर्धा सेंटिमीटर पट्टी भादरून घ्यायला सांगा, नाहीतर मास्कची कड तिथे बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं.

बाकी तयारी किरकोळ आहे. वेटसूट अंगाला घट्ट बसतो. आत पूर्ण लेगिंग आणि लांब बाह्यांचा स्विमिंगचा टॉप घातला तर अवघडल्यासारखं वाटत नाही, आणि पायात प्लास्टिकची पिशवी चढवून पाय घातला की तो सरकन वर येतो. बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्र पाण्यात नको. गार पाण्यात बोटं आकसतात, अंगठी निसटते, साखळी पट्ट्यांत अडकते. मंगळसूत्र सासूबाईंना विचारून घरीच ठेवलंत किंवा तिथे काळ्या पोतीवर भागवलंत तर निघायच्या आधीचा एक वाद टळेल. सासूबाईंची काळजी खोटी नाही. त्यांना डॉक्टरांनी सही केलेला कागद दाखवा, नुसतं "काही होत नाही" म्हणून त्यांचं समाधान होणार नाही. बोटीच्या सकाळी तास-दीड तास आधी हलकं खा, केळी-टोस्ट. आदल्या रात्री तिखट-तेलकट नको, पोटात धरलेला गॅस वर येताना फुगतो. दारूही नको. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी आणा आणि ती घरी एक दिवस घेऊन बघा, झापड येते का ते. प्रवाळाला हात लावू नका, शिंपले-प्रवाळाचे तुकडे बॅगेत टाकू नका. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

निघायच्या सकाळची डाइव्ह मात्र यजमानांनी डोक्यातून काढूनच टाकावी. श्वासातून रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात दाब कमी झाला की तो बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. एकच डाइव्ह झाली असेल तर विमानाआधी निदान १२ तास, अनेक दिवस डाइव्ह झाल्या असतील तर निदान १८ तास थांबायचं असतं. पूर्ण २४ तास ठेवलेले सगळ्यात चांगले. बोटीचा प्रवास समुद्रसपाटीवरच असल्याने त्याला बंधन नाही. हवा बिघडली की फेरी रद्द होते हे धरून, शेवटची रात्र स्वराज द्वीपाऐवजी श्री विजयपुरमला, म्हणजे पोर्ट ब्लेअरला काढा. सेल्युलर जेल बघून होईल आणि विमानही चुकणार नाही.

हे मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या वाचकांनीही ध्यानात घ्यावं. ट्राय डाइव्हसाठी खानदेशातून ती जागा सगळ्यात आवाक्यातली आहे, तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्थाही आहे. पण सकाळी डाइव्ह घेऊन दुपारीच गाडी काढली तर परतताना सह्याद्री चढावाच लागतो. आंबोली ६९० मीटर, इगतपुरी ६०० च्या आसपास, आणि विमानाचे हे नियम साधारण ६०० मीटर उंचीपासून लागू धरतात. रात्रीचा मुक्काम मालवणलाच करा, सकाळी निघा.

आता फोन. उरलेले पैसे भरण्याआधी रिसॉर्टला इतकं विचारा: ट्राय डाइव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? वैद्यकीय फॉर्म आधी पाठवाल का? बोटीवर ऑक्सिजनचं किट असतं का? जवळचा रिकंप्रेशन चेंबर (बुडबुड्यांचा त्रास झाल्यास दाबाखाली उपचार करण्याची खोली) कुठे, आणि तिथे नेण्याची व्यवस्था काय? मधेच नको वाटलं तर पैशांचं कसं? आणि दोघांच्या प्रवास विम्यात स्कुबा किती खोलीपर्यंत धरलेलं आहे ते विमा कंपनीकडून लेखी घ्या, साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेलं असतं. फॉर्मबद्दल "त्याचं काही टेन्शन घेऊ नका, इथे आल्यावर बघू" असं उत्तर आलं, तर राहायला तिथेच राहा, डाइव्हसाठी त्याच बेटावरचं दुसरं सेंटर गाठा.